ट्रकचे इंजिन ठोकते; कायदा कोणाचे ऐकतो?

एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन मक्तेदार कंपनीला आपली सुमारे ५ लाख ९७ हजार वाहने अमेरिकेतून दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. इतर देशांत विकलेली वाहने धरली तर हा आकडा ७ लाख २१ हजारांच्या घरात जातो. शेवरले सिल्व्हरॅडो आणि जीएमसी सिएरा हे ट्रक, तसेच त्यांच्याच जातीच्या टाहो, सबर्बन, युकॉन व एस्कलेड या अवजड मोटारी; सर्व २०२१ ते २०२४ या वर्षांची मॉडेले आणि सर्वांत तेच ६.२ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये व क्रँकशाफ्टमध्ये घडणीचाच दोष असू शकतो, त्यामुळे इंजिन ठोकू लागते आणि अखेरीस भर रस्त्यात निकामी होते, अशी कबुली कंपनीने सरकारदरबारी दिली. २०२१ पासून साचलेल्या अशा तक्रारींची व घटनांची संख्या तिच्याच दप्तरात २८,१०२ भरली. त्यांपैकी १४,३३२ प्रकरणांत वाहनाची ओढ नाहीशी झाल्याचे नमूद होते. बारा अपघात व बारा जखमी यांच्याही तक्रारी त्यांत होत्या.

आता दुसरा आकडा पाहावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये या इंजिनाची चौकशी उघडली ती अवघ्या ३९ तक्रारींच्या आधारे. कंपनीच्या दप्तरात अठ्ठावीस हजार आणि जनतेच्या रखवालदाराच्या टेबलावर एकोणचाळीस! याच इंजिनासंबंधी कंपनीने पूर्वीही स्वतःपुरत्या चौकशा सुरू केल्या होत्या आणि स्वतःच बंद केल्या होत्या. सरकार दाराशी आल्यावर मात्र तीन-चार महिन्यांत सहा लाख वाहने सदोष असल्याचा साक्षात्कार झाला. मधल्या चार वर्षांत ज्या हजारो खरेदीदारांनी आपला ठोकणारा ट्रक विक्रेत्याच्या गॅरेजात नेला, त्यांतील प्रत्येकाला आपली तक्रार एकट्याचीच आहे असे वाटत राहिले. मक्तेदारीला नेमके हेच हवे असते.

अमेरिकेत ज्याला ट्रक म्हणतात तो बहुधा आपल्या महामार्गावरील मालमोटार नव्हे. उघड्या हौद्याची ही गाडी सुतार, नळकारागीर, शेतकरी, लहान बांधकाम करणारा यांचे रोजचे अवजार असते. अनेक कुटुंबांची ती एकुलती एक मोटारही असते. ती सहा-सहा, सात-सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली असते आणि इंजिन ठोकत असले तरी बँकेचा हप्ता चुकत नाही.

इंजिनाची ही ठकठक म्हणजे काय, हे समजून घेतल्याखेरीज पुढचा कायद्याचा खेळ समजणार नाही. क्रँकशाफ्टला कनेक्टिंग रॉड जिथे धरून असतो तिथे धातू धातूला लागत नाही. मध्ये तेलाचा अतिशय पातळ पडदा असतो. रॉड किंवा क्रँक यंत्रावर कापताना उरलेला कीस तेलाच्या नळीत राहिला, अथवा क्रँकचा पृष्ठभाग ठरलेल्या मापापेक्षा खडबडीत निघाला, तर हा पडदा फाटतो, बेअरिंगची वाटी झिजते आणि फट पडते. मग प्रत्येक फेऱ्यात रॉड क्रँकवर आपटतो. आरंभी सकाळी थंड इंजिन सुरू करताना क्षणभर ऐकू येते, पुढे चढावर आणि बोजा असताना, आणि शेवटी रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडतो. परंतु ठोकण्याचे आवाज अनेक असतात. हलक्या इंधनाने इंजिन ठोकते, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर थापटी मारतो, झडपा उघडणारे सुटे भागही टिकटिकतात. एका आवाजाला दुसऱ्याचे नाव देता येते. विक्रेत्याच्या काउंटरवरून मिळणारे ‘या इंजिनाला असा आवाज असतोच’ हे ठरीव उत्तर याच संदिग्धतेवर जगते. दुसरे ठरीव उत्तर त्याहून सोयीचे: गाडी तपासली, आवाज आढळला नाही.

हे उत्तर देणारा मेकॅनिक खोटारडा असतो असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बहुतेक विक्रेत्यांच्या गॅरेजांत मेकॅनिकला घड्याळाच्या तासांची मजुरी मिळत नाही. प्रत्येक कामाला पुस्तकात ठरवून दिलेल्या वेळेची मिळते. हमीच्या मुदतीतील कामाची वेळ कारखानदार ठरवतो आणि गिऱ्हाइकाच्या पैशाने होणाऱ्या त्याच कामापेक्षा ती सहसा कमी धरलेली असते. सकाळी एकदाच येणारा आवाज पकडण्यासाठी मेकॅनिकने गाडी रात्रभर थंड ठेवून दोन दिवस तिच्यामागे घालवले, तर त्या वेळेचे पैसे बहुधा कोणीच देत नाही. दोष शोधणारा उपाशी आणि दोष नाही असे लिहून पुढची गाडी घेणारा पोटभर, अशी ही व्यवस्था आहे. मजुरीच्या पद्धतीतच कंपनीचा बचाव शिवून टाकलेला आहे, आणि ग्राहकहक्कांवरील गुळगुळीत पुस्तिकांत या मजुरीपद्धतीचा उल्लेख क्वचितच सापडतो.

या खरेदीदाराच्या हाती असलेले शस्त्र म्हणून ज्याचे कौतुक होते तो ‘लेमन लॉ’. सदोदित नादुरुस्त राहणाऱ्या वस्तूला अमेरिकन बोलीत लिंबू म्हणतात. (आपल्याकडे मालमोटारीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतात; तिकडे मोटारच लिंबू निघते.) कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या हमीचा कायदा केला. त्यावर गव्हर्नर या नात्याने सही करणारे गृहस्थ रोनाल्ड रेगन होते, ही इतिहासाची एक गंमत. १९७५ मध्ये हमीविषयीचा केंद्रीय कायदा आला. १९८२ मध्ये कनेक्टिकटने मोटारींसाठी खास कायदा केला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने आपल्या कायद्याला तशीच पुरवणी जोडली आणि पुढे सर्व राज्यांत या ना त्या स्वरूपात तो पसरला. वाजवी संख्येने प्रयत्न करूनही दोष दुरुस्त झाला नाही, तर कारखानदाराने वाहन बदलून द्यावे अथवा पैसे परत करावेत, हे त्याचे सूत्र. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषासाठी चार खेपा झाल्या, प्राणघातक दोषासाठी दोन झाल्या, अथवा वाहन एकूण ३० दिवसांहून अधिक गॅरेजात पडून राहिले, तर पुरेसे प्रयत्न झाले असे गृहीत धरले जाते. खरेदीदार जिंकल्यास त्याच्या वकिलाची फी कारखानदाराने भरायची असते, आणि कंपनीने जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडही होऊ शकतो.

हे हक्क क्षुद्र नाहीत आणि ते दयेने मिळालेले नाहीत. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटारींतील जीवघेण्या दोषांवर पुस्तक लिहिले, तेव्हा जनरल मोटर्सने त्यांच्या खासगी आयुष्यामागे हेर लावले. कंपनीच्या अध्यक्षाला १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. त्या काळच्या जनक्षोभाविना पुढचे हमीचे कायदेही झाले नसते. लिंबू कायदा म्हणजे केवळ बुर्झ्वा भूलथाप असे म्हणून मोकळे होणारे सोवळे ‘क्रांतिकारक’ हा इतिहास विसरतात.

परंतु त्याहून मोठी चूक करतात ते या कायद्याचे भाट. प्रत्यक्षात तो कसा चालतो? दोषाच्या चार खेपा झाल्या हे खरेदीदाराने दाखवायचे, आणि खेपेचा पुरावा म्हणजे विक्रेत्याने लिहिलेला दुरुस्तीचा कागद. त्यावर ‘इंजिन ठोकते’ असे लिहिले की ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज, तेल बदलले’ असे लिहिले, यावर सारे प्रकरण टिकते किंवा कोसळते. सुताराने चार वेळा कामाचा दिवस बुडवायचा, चार वेळा शब्दांवरून हुज्जत घालायची, आणि कागद जपून ठेवायचे. सरते शेवटी पैसे परत मिळाले तरी पहिल्या तक्रारीपर्यंत गाडी जितके मैल चालली त्याचे भाडे म्हणून एक रक्कम कायद्यानेच कापली जाते. बुडालेल्या रोजंदारीचे भाडे कंपनीकडून कापून घेण्याचे असे कोणतेही तयार सूत्र कायद्यात लिहिलेले नाही.

आणि हा कायदा कोणासाठी आहे? कॅलिफोर्नियात धंद्यासाठी घेतलेले वाहन या संरक्षणात बसते ते त्याचे वजन १०,००० पौंडांखाली, म्हणजे सुमारे साडेचार टनांखाली असेल आणि खरेदीदाराच्या नावावर राज्यात पाचांहून अधिक वाहने नसतील तरच. म्हणजे ज्याच्या पोटापाण्याचा सर्वस्वी आधार ट्रक आहे तो महामार्गावरचा अवजड ट्रकवाला या दाराच्या बाहेर उभा. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातून माल वाहणाऱ्या ट्रकचालकांत पंजाबातून गेलेल्या स्थलांतरितांची संख्या मोठी आहे. कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेणाऱ्या या माणसाला अमेरिकन भाषेत ‘मालक-चालक’ म्हणतात. तो मालक हप्त्यापुरता आणि चालक दिवसरात्र. त्याच्या इंजिनाने दम तोडला तर तो ग्राहक ठरत नाही, ‘व्यापारी’ ठरतो. छापील हमीपत्रावर सही करताना तो आणि कोट्यवधी डॉलरांची कंपनी हे दोन समबल व्यापारी होते, असे कायद्याचे गृहीत. मार्क्सने बाजारातील स्वातंत्र्य आणि समता यांची जी टर उडवली होती, तिचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा वगळलेला वर्ग जुने वाहन घेणाऱ्यांचा. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्याचा विषय ट्रकच होता. दोघा खरेदीदारांनी ५५,००० मैल चाललेला दोन वर्षांचा डॉज रॅम ट्रक घेतला. कारखान्याने इंजिन व चालकयंत्रणेवर दिलेल्या मूळ हमीची मुदत संपलेली नव्हती. ट्रक पुनःपुन्हा दुरुस्तीला न्यावा लागला. तथापि न्यायालयाने ठरवले की मूळ हमी शिल्लक असली तरी असे जुने वाहन कायद्याच्या अर्थाने ‘नवे मोटार वाहन’ होत नाही, सबब बदलून मागण्याचा किंवा पैसे परत मागण्याचा हक्क नाही. हमी वाहनाबरोबर दुसऱ्या हाती जाते, हमीमागचा हक्क मात्र पहिल्याच हाती संपतो! नवा ट्रक कोणाला परवडतो आणि जुना कोणाला घ्यावा लागतो, हे सांगण्याची गरज नाही. कंपनीने परत घेतलेले लिंबूही भंगारात जात नाही. दुरुस्तीचा शिक्का मारून ते पुन्हा विकले जाते आणि उतरत्या किमतीने अधिक गरीब माणसाच्या दारात उभे राहते.

ज्यांना हक्क आहे त्यांचाही हक्क कसा कातरला जातो ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात या कायद्याची कार्यपद्धती बदलणारे विधेयक मंजूर झाले. त्याच्या पाठीशी जनरल मोटर्स, फोर्ड व स्टेलँटिस या तिन्ही कंपन्या होत्या, आणि ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या वकिलांची राज्यव्यापी संघटनाही त्यांच्याबरोबर जाऊन बसली. हमी संपल्यावर एका वर्षाच्या आत दावा, कोणत्याही परिस्थितीत वाहन प्रथम ताब्यात दिल्यापासून सहा वर्षांच्या आत दावा, दंड मागायचा तर आधी लेखी नोटीस आणि कंपनीला अवधी, शिवाय सक्तीची मध्यस्थी. ज्या बेअरिंगची झीज सावकाश होते आणि ज्याचा आवाज हमी संपता संपता वाढतो, त्याच्या बाबतीत या मुदतींचा अर्थ काय, हे कोणताही मेकॅनिक सांगू शकेल. इतर कारखानदारांनी ओरड केली म्हणून एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्ती झाली: ज्या कंपनीला ही नवी पद्धत हवी असेल तिने ती पत्करावी, नको असेल तिने जुन्याच पद्धतीत राहावे. वरील तिन्ही कंपन्यांनी अर्थातच ती पत्करली. आपल्यावरील खटला कोणत्या नियमांनी चालावा हे प्रतिवादीनेच निवडायचे, हा न्यायशास्त्रातील एक अभिनव शोध म्हटला पाहिजे. खिसा कापणाऱ्याला अशी सवलत अद्याप कोणत्याही राज्याने दिलेली नाही.

बुर्झ्वा अर्थशास्त्राकडे या साऱ्याचे एक सुबक स्पष्टीकरण आहे. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी लिंबांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या विषम माहितीमुळे चांगल्या मोटारी बाजारातून हटतात आणि लिंबे उरतात, असा त्यांचा युक्तिवाद. निबंध हुशारीचा आहे. परंतु त्यात माणसे दोनच: विकणारा आणि घेणारा. ज्याने मोटार केली तो तिसरा माणूस त्यात कुठेही नाही. क्रँकच्या छिद्रात कीस उरला आहे हे ज्याच्या बोटांना प्रथम कळू शकते, तो त्या बाजारात उभाच नसतो. त्याला जागा मिळते ती फक्त खर्चाच्या रकान्यात.

हा तिसरा माणूस १९७२ मध्ये बोलला होता. ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सने आपली व्हेगा ही लहान मोटार बनवण्यासाठी लाइनचा वेग तासाला सुमारे शंभर गाड्यांवर नेला, म्हणजे दर ३६ सेकंदांना एक गाडी. माणसे कमी केली आणि त्यांचे काम उरलेल्यांवर टाकले. तरुण कामगारांनी काम अपुरे असले तरी गाड्या पुढे जाऊ दिल्या, कारण ३६ सेकंदांत ते पुरे होणेच शक्य नव्हते. व्यवस्थापनाने घातपाताचा कांगावा केला. मार्चमध्ये कारखाना सुमारे तीन आठवडे संपावर होता. त्या काळच्या पत्रकारांनी या संपाचे वर्णन कंटाळलेल्या तरुण पिढीचे बंड असे केले, जणू केस वाढवलेल्या पोरांना काम नको होते! पण कामगारांचे म्हणणे साधे होते: या वेगाने चांगली गाडी होणार नाही. व्हेगाच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाने व तिला लागलेल्या गंजाने पुढे जी कीर्ती मिळवली ती जगजाहीर आहे. दोषांची सारी मुळे लाइनच्या वेगात नव्हती, आराखड्यातही होती. तरी मोटारीच्या दर्जाविषयी त्या कारखान्यात जो वर्ग आधी बोलला त्याला शिक्षापत्रे मिळाली आणि ज्याने मौन पाळले त्याला बढत्या. लॉर्ड्सटाउनचा तो कारखाना जनरल मोटर्सने २०१९ मध्ये बंद केला.

आपल्याकडे २०११ मध्ये मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यात कामगार उठले, तेव्हा त्यांच्याही मागण्यांच्या मुळाशी लाइनचा वेग, चहाच्या सुट्टीची मोजून सात-साडेसात मिनिटे आणि स्वतःची युनियन हेच प्रश्न होते. त्या संघर्षाला ‘औद्योगिक अशांतता’ म्हणणाऱ्या वृत्तपत्रांना तो मोटार घेणाऱ्याच्या हिताचाही प्रश्न आहे असे एकदाही सुचले नाही.

दर्जासाठी पैसा नाही, ही सबब तरी खरी आहे काय? २००९ मध्ये दिवाळखोर जनरल मोटर्सला अमेरिकन जनतेच्या तिजोरीतून सुमारे ४९.५ अब्ज डॉलर मिळाले. त्यांतील ११ अब्जांवर रक्कम कधीच परत आली नाही. २०१४ मध्ये उघड झाले की इग्निशनच्या सदोष स्विचमुळे धावती मोटार बंद पडत होती व फुगे उघडत नव्हते, आणि कंपनीतील काहींना ते वर्षानुवर्षे ठाऊक होते. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. संसदीय सुनावणीत या सुट्या भागाची किंमत ५७ सेंट सांगितली गेली. दिवाळखोरीनंतर जन्मलेली ‘नवी’ कंपनी ‘जुन्या’ कंपनीच्या पापाला जबाबदार नाही, असा बचाव करण्याइतपत तिचे वकील निर्ढावलेले होते. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. २०१५ मध्ये सरकारशी ९० कोटी डॉलरचा समझोता झाला, पण एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला झाला नाही. आणि २०२३ मध्ये? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोटार कामगारांच्या युनियनने तिन्ही कंपन्यांत संप करून २५ टक्के पगारवाढ मिळवली, तेव्हा कंपनी परवडत नाही म्हणून कण्हत होती. नोव्हेंबर संपण्यापूर्वीच तिने भागधारकांकडून १० अब्ज डॉलरचे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याची घोषणा केली. ज्या वर्षांत ६.२ लिटरची ती इंजिने ठोकत होती, त्याच वर्षांतील ही गोष्ट.

मग २०२५ च्या त्या परत बोलावलेल्या वाहनांचे झाले काय? इंजिन तपासायचे, नापास झाले तर दुरुस्त करायचे किंवा बदलायचे. पास झाले तर अधिक दाट तेल घालायचे, तेलाच्या नळकांड्याचे झाकण बदलायचे, मालकाच्या पुस्तिकेत एक पान जोडायचे आणि मार्गस्थ करायचे. कंपनीच्याच अंदाजाने सुमारे ३ टक्के वाहनांत हा दोष होता. उरलेल्या ९७ टक्क्यांत आपण आहोत की नाही, हे प्रत्येक सुताराने रोज सकाळी किल्ली फिरवताना कान देऊन ठरवायचे.

अमेरिकेची ही कथा येथे मांडण्याचे प्रयोजन असे की भारतात अधूनमधून, विशेषतः इंग्रजी वृत्तपत्रांच्या मोटारींच्या पुरवण्यांतून, ‘आपल्यालाही लेमन लॉ हवा’ अशी मागणी उठते. मागणी वाईट नाही, अपुरी आहे. आपल्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला वगळले होते. १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला आत घेतले आणि २०१९ च्या कायद्यातही ते टिकले. परंतु १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ लावताना रेषा आखली: रिक्षा किंवा टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक, ती दुसऱ्याकडून चालवून घेणारा ग्राहक नव्हे. मोठ्या वाहतूक कंपन्यांना दूर ठेवण्यासाठी ही रेषा समजण्यासारखी आहे. पण कोल्हापूर, नामक्कल किंवा लुधियान्याचा जो माणूस एकाच मालमोटारीवर जगतो आणि पाठीचा मणका झिजल्यामुळे स्टिअरिंगवर भाच्याला बसवतो, तो या रेषेच्या कोणत्या बाजूला? याचे उत्तर देण्यास कंपनीचे वकील नेहमीच तत्पर असतात, आणि इंजिनाचा प्रश्न सुनावणीस येण्यापूर्वीच तक्रारदार ‘ग्राहक’ आहे की नाही यावर तारखांमागून तारखा पडतात.

ग्राहक ठरला तरी पुढे चाचणी. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि तिची फी तक्रारदाराकडून भरून घ्यायची, अशी कायद्यातच व्यवस्था आहे. त्यानंतर उपाय. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हमीपत्र सदोष भाग बदलण्याचे आहे, म्हणून संपूर्ण मोटार बदलून देण्याचा हुकूम टिकत नाही. हमीपत्र कोणी लिहिले? कारखानदाराने. म्हणजे आपल्या अपराधाची शिक्षा काय असावी हेही त्यानेच आधी छापून ठेवायचे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली. तीत पैसे परत देणे, वाहन बदलणे, दुरुस्त करणे हे तिन्ही मार्ग लिहिलेले आहेत. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत दंड ठरला १० लाख ते १ कोटी रुपये. एका मॉडेलच्या दूरदर्शनवरील जाहिरातींना यापेक्षा अधिक खर्च येतो.

महाराष्ट्राला जनरल मोटर्सची ओळख आणखी एका प्रकारे आहे. २०१७ मध्ये तिने भारतात मोटारी विकणे थांबवले आणि गुजरातेतील हलोलचा कारखाना बंद केला; शेवरले घेतलेल्या भारतीयांच्या हाती सुट्या भागांचे आश्वासन उरले. पुण्याजवळच्या तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कायम कामगारांना घरी बसवले गेले, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि २०२३ मध्ये कारखाना ह्युंदाईला विकण्याचा करार झाला. ग्राहक व कामगार यांना कंपनीने एकाच दाराने बाहेर काढले. कागदावर मात्र एकाचे प्रकरण ग्राहक आयोगाकडे, दुसऱ्याचे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे. दोघांची भेट होऊ नये अशीच ही वाटणी आहे.

पक्षाच्या व कामगार संघटनांच्या काही शाखांत असे म्हटले जाते की मोटारीच्या हमीचा प्रश्न हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा, त्यात श्रमिकांच्या पक्षाने वेळ दवडू नये. मालमोटारीचा हप्ता भरणारा चालक, ट्रॅक्टर कर्जाने घेणारा शेतकरी, रिक्षावाला, फिरता गिरणीवाला हे सुखवस्तू आहेत काय? उत्पादनसाधन सदोष निघाले की यांची जमीन व दागिने सावकाराकडे जातात. त्यांना चार खेपांचा अमेरिकन नियम जसाच्या तसा देणे म्हणजे चार दिवसांची मजुरी गमावण्याचा अधिकार देणे होय. याउलट मागणी अशी असली पाहिजे की एकाच इंजिनाच्या ठराविक तक्रारी जमताच कारखानदाराच्या दप्तरातील सर्व तक्रारी सरकारी नोंदवहीत आपोआप जाव्यात व त्या जनतेला खुल्या असाव्यात. हमीच्या मुदतीत इंजिन ठोकू लागले तर दोष नव्हता हे कारखानदाराने सिद्ध करावे. हमीबरोबर हक्कही दुसऱ्या व तिसऱ्या खरेदीदाराकडे जावा. एक-दोन मालमोटारींचा धनी, गाडी स्वतः चालवो वा भाच्याकडून चालवून घेवो, ग्राहकच मानला जावा. लाइनवर सदोष भाग दिसताच लाइन थांबवण्याचा कामगाराला कायदेशीर अधिकार असावा, कंत्राटी कामगाराला आणि शिकाऊ म्हणून राबवल्या जाणाऱ्या तरुणालाही, आणि त्यासाठी शिक्षापत्र देणाऱ्या व्यवस्थापकाला व्यक्तिशः दंड व्हावा. मालमोटार चालकांच्या संघटना आणि मोटार कारखान्यांतील युनियन यांनी पुणे, चेन्नई, गुरुग्राम येथे एकाच टेबलाशी बसून ही मागणीपत्रे तयार करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तूर्त जिल्हा आयोगांपुढे जे चालक उभे आहेत त्यांच्यासाठी पहिली लढाई लहान वाटेल, पण तीच अडते तिथे सारे अडते: चाचणीची फी कारखानदाराने भरावी, तक्रारदाराने नव्हे.